ठराव, तळं आणि साहेबाची सही

दोस्तहो, आपल्या सभांमधून मंत्र्याला शिव्या पडतात, आमदाराला पडतात. साहेब मात्र सुटतो. साहेब म्हणजे कलेक्टर, आयुक्त, सचिव. मंत्री पाच वर्षांनी का होईना दारात येतो, तेव्हा त्याची गचांडी धरता येते. साहेब मतं मागायला येत नाही. बदली झाली की दुसरा येतो, खुर्ची तीच राहते. म्हणून माझा सवाल असा : कायदा एकाने करायचा, अंमल दुसऱ्याच्या हातात, मग अंमल झालाच नाही तर पाप कुणाचं?

उत्तरासाठी लांब जायला नको. आमचं महाड पुरे आहे.

४ ऑगस्ट १९२३. मुंबईच्या कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांचा ठराव पास झाला. सरकारी पैशाने चालणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले. सप्टेंबरात हुकूम निघाला. सरकारी खात्यांनी अंमल करावा. आणि नगरपालिकांचं काय? तर कलेक्टरांनी त्यांना सल्ला द्यावा, की ही शिफारस स्वीकारणं इष्ट आहे का याचा त्यांनी विचार करावा. पुन्हा वाचा. हुकूम नाही, सल्ला. तोही पाणी द्या असा नाही, विचार करा असा. ह्या भाषेत कुणी 'नाही' म्हटलेलं नाही, आणि कुणाच्या घशात थेंबही गेलेला नाही. ही भाषा लढणाऱ्याची नव्हे, फायलीची.

१९२४ त महाड नगरपालिकेने तळं खुलं केल्याचा ठराव केला. तो तीन वर्षं दप्तरात पडून. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी ओंजळ भरली तेव्हा त्या कागदाला पहिल्यांदा पाणी लागलं. मग आपल्या माणसांची डोकी फुटली. ४ ऑगस्टला नगरपालिकेने ठरावच मागे घेतला. डिसेंबरात कोर्टाची मनाई आली, आणि ती मोडू नका हे सांगायला कलेक्टर परिषदेच्या मांडवात आला. १९२३ चा सल्ला, १९२७ ची विनंती. हायकोर्टाचा निकाल लागला तो १७ मार्च १९३७ ला.

तो कलेक्टर दुष्ट होता असं मी म्हणत नाही. तो नियमाने वागला. गोम तिथंच आहे. म्हणतात, अधिकारी तटस्थ असतो. पण एका काठावर पिणारे आणि दुसऱ्या काठावर तहानलेले असताना 'आहे ते तसंच राहू द्या' म्हणणारा तटावर नसतो, तो पिणाऱ्यांच्या पंगतीत असतो.

मग साहेबाने मनाला येईल तसं वागावं काय? मुळीच नको. त्याचं मन त्याच्या घरात, त्याच्या जातीत घडलंय. ते मोकळं सुटलं तर पहिला बळी आपलाच. आपल्याला त्याची दया नको, त्याचा कायद्याशी इमान हवा. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधानसभेत बजावलं होतं, की घटनेचं अक्षरही न बदलता नुसता कारभार बदलून घटना नासवता येते. त्याच घटनेत कलम ३११ आहे. चौकशी केल्याशिवाय, बाजू ऐकल्याशिवाय अधिकाऱ्याला बडतर्फ करता येत नाही. हे कवच कशासाठी? मंत्र्याला न रुचणारं खरं फायलीवर लिहिता यावं म्हणून. कवच घालून गप्प बसणारा ते कवच चोरतो.

महाडजवळच्या नाते गावचे चिंतामणराव देशमुख. आय.सी.एस. अधिकारी, १९४३ त रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, मग अर्थमंत्री. मुंबईच्या प्रश्नावर १९५६ त त्यांनी मंत्रिपद सोडलं. बाणेदारपणाच. पण राजीनामा मंत्र्याचं हत्यार. अधिकाऱ्याची कसोटी खुर्ची सोडण्यात नाही, खुर्चीवर बसून खरं लिहिण्यात आहे.

आता कामाचं बोलू. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा, १९९५ चे नियम. जिल्हा दक्षता समितीचा अध्यक्ष कलेक्टर, आणि तीन महिन्यांतून एकदा तरी बैठक घ्यायलाच हवी. झाली का बैठक? इतिवृत्त कुठंय? माहितीच्या अधिकारात मागा. मोर्चाइतकंच हे मोलाचं. कलम ४ खाली मुद्दाम कसूर करणाऱ्या सरकारी नोकराला सहा महिने ते एक वर्ष कैद आहे. पण त्याआधी प्रशासकीय चौकशीची शिफारस लागते. म्हणजे साहेबाने कसूर केली की नाही, हे पुन्हा साहेबच ठरवणार. सही पुन्हा त्याच दौतीतली.

आणखी एक. हे कलम लागतं ते अनुसूचित जाती-जमातीच्या बाहेरच्या नोकराला. आपल्या वस्तीतून शिकून वर गेलेल्या, लाल दिव्याचं स्वप्न पाहिलेल्या आपल्या साहेबाला ते लागत नाही. त्याला त्या खुर्चीपर्यंत नेलं ते तळ्यावर मार खाल्लेल्यांनी. उद्या त्याने आपली फाईल तळाशी सरकवली तर कायदा त्याला ह्या कलमाखाली धरणार नाही. त्याच्या दारात उभं राहून 'जयभीम साहेब, त्या कागदाचं काय झालं?' असं विचारायचं काम तुमचं-माझं आहे. नातं आहे म्हणून सोडायचं नाही. नातं आहे म्हणूनच विचारायचं.