अट कुणावर?

लातूरच्या एका संस्थेचं नेटवर्क मी सांभाळतो. घर औशाला, रोजचं येणं-जाणं. 2019 च्या उन्हाळ्यात आमच्या औशाच्या शाखेसाठी मुख्य कार्यालयाच्या फॉरेस्टमध्ये नवं डोमेन उभारायला बसलो. शाखेचा सर्व्हर होता विंडोज सर्व्हर 2012 आर2 चा, फॉरेस्टची पातळी 2016 ची. डोमेन उभं राहीना.

या नेटवर्क-व्यवस्थेचा, ॲक्टिव्ह डिरेक्टरीचा, नियम सरळ आहे. फॉरेस्ट म्हणजे अनेक डोमेनचं एकत्र कुटुंब. त्यात येणारं नवं डोमेन कुटुंबाच्या पातळीपेक्षा खालचं चालत नाही. पातळी चढवायची तर आधी प्रत्येक डोमेन कंट्रोलर, म्हणजे डोमेन चालवणारा सर्व्हर, तेवढा नवा लागतो. एक जुना उरला तरी सगळे अडून राहतात. चढवलेली पातळी सहजासहजी उतरतही नाही.

मला राग आला होता. मागे राहिलेल्याला दारातच अडवायचं, हा कसला न्याय?

नवा सर्व्हर आला, डोमेन उभं राहिलं. मग शाखेतले विंडोज 7 चे जुनाट संगणक एकेक करून आत घेतले. पातळीचा नियम एकालाही आडवा आला नाही. तेव्हा लख्ख कळलं, ही अट येणाऱ्यावर नाहीच. ती फक्त डोमेन कंट्रोलरवर आहे. जो सगळ्यांचे पासवर्ड राखतो, ‘हा आपला’ असं सांगण्याचा अधिकार ज्याच्याकडे आहे, त्याच्यावर.

अधिकार कुणाला, हा प्रश्न आपल्या धर्मविचारात फार जुना आहे. पण आपण अट उलट्या जागी ठेवली. चोखोबांना पंढरीच्या मंदिराबाहेर उभं केलं आणि ते दार दलितांना उघडायला 1947 साली साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं. इतकी शतकं बाहेरच्याची पातळी मोजली. दार राखणाऱ्यांची पातळी कुणी विचारली नाही. ज्ञानदेवांनी शके 1212 मध्ये नेमकं हेच सरळ केलं. गीता ऐकायची तर आधी संस्कृत शिकून या, असं ते श्रोत्याला म्हणाले नाहीत. गीता मराठीत आणण्याचे कष्ट सांगणाऱ्यानं स्वतः घेतले. अधिकार म्हणजे मान नव्हे, भार. तो ज्याच्याकडे आहे त्यानंच वर चढायचं.

पण ज्याला चढणं होत नाही, त्यानं काय करायचं? याचं उत्तर मी लहानपणीच पाहिलं होतं.

आमचे आबा गावच्या सप्ताहात वीणेचा पहारा करायचे. वीणा भुईला टेकवायची नाही, पहाऱ्यात बसायचं नाही. एका वर्षी गुडघ्यांनी साथ सोडली. पुढचा पहारेकरी आंघोळ करून आला, दोघं एकमेकांच्या पाया पडले, आणि आबांच्या गळ्यातली वीणा त्याच्या गळ्यात गेली. “आता उभं राहवत नाही रे,” एवढंच आबा बोलले. मग टाळ घेऊन मंडपात मागच्या रांगेत बसले आणि पहाटेपर्यंत गात राहिले. त्यांना ‘उठा’ असं कुणी म्हणालं नाही.

शाखेच्या त्या जुन्या सर्व्हरचंही जुन्या डोमेनमधलं कंट्रोलरपद मी काढलं आणि साधा सदस्य म्हणून त्याला नव्या डोमेनमध्ये घेतलं. त्याच खोलीत, त्याच टेबलावर तो शाखेच्या फायली सांभाळू लागला. त्याचं पद काढताना मला आबांचे हात आठवले. वीणा देताना ते थरथरत नव्हते.