पटाबाहेरचे विद्यार्थी

दहावीचा निकाल लागला की राज्य मंडळाच्या नऊ विभागांची क्रमवारी वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर येते, आणि लातूर, नांदेड व धाराशिव या तीन जिल्ह्यांच्या आमच्या विभागाचा आकडा चढला की उतरला, याची चर्चा अहमदपुरातही उत्साहाने होते. लातूर पॅटर्नचा लौकिक ज्या मुलखाने मिळवला, त्याने निकालाविषयी दक्ष असावे हे स्वाभाविक आहे. परंतु त्याच निकालपत्रात, नियमित विद्यार्थ्यांच्या तक्त्यापाठोपाठ, खासगी विद्यार्थ्यांचा एक वेगळा तक्ता असतो. त्यातील उत्तीर्णांचे प्रमाण नियमितांहून कमी असते, आणि त्याचे कारण काय, हे कोणी विचारत नाही.

ज्याला आपण सतरा नंबरचा फॉर्म म्हणतो, तो भरून, शाळेत न जाता, घरीच अभ्यास करून परीक्षेला बसणारी ही मंडळी आहेत. शासनाने २०१७ साली याच वाटेवर आणखी एक पाऊल टाकले आणि मुक्त विद्यालय मंडळाची स्थापना केली. दहा वर्षे पुरी झालेल्या मुलाला पाचवीची आणि तेरा वर्षे पुरी झालेल्याला आठवीची परीक्षा घरी अभ्यास करून देता यावी, ही त्यातील तजवीज. म्हणजे घरी राहून शिकण्याला महाराष्ट्रात राजमान्यता आहे, मंडळ आहे, अर्ज आहे, शुल्क आहे, परीक्षा आहे आणि प्रमाणपत्रही आहे. नाही तो रोज किंवा आठवड्यातून एकदा तरी भेटणारा शिक्षक. संपर्क केंद्र म्हणून नेमलेल्या शाळेशी या विद्यार्थ्याचा संबंध बहुतेक वेळा कागदपत्रांपुरता येतो, आणि माझ्या मते या साऱ्या योजनेचे मूळ वैगुण्य नेमके येथे आहे.

बालाघाटच्या उतारावरील एखाद्या तांड्यावरचे घर डोळ्यांसमोर आणावे. मुकादमाकडून उचल घेतलेली, दिवाळी सरताच कारखान्याच्या वाटेला लागलेली जोडी. त्यांच्यासोबत धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी गेलेली बारा-तेरा वर्षांची मुलगी. आणि उसाच्या फडाजवळ पाचटाने शाकारलेल्या कोपीत, चुलीशेजारी गुंडाळून ठेवलेले तिचे दप्तर. गावच्या शाळेच्या पटावर तिचे नाव आहेच. पुढे कधीतरी ती शाळेतून गळते, आणि आणखी काही वर्षांनी, बहुधा लग्नानंतर, तिचा सतरा नंबरचा फॉर्म भरला जातो. तिने दोन्ही ठिकाणी संख्येत भर घातली, आणि दोन्ही ठिकाणी तिला कोणी शिकवले नाही.

पटाचे हे पोकळपण या भागाला नवे नाही. आमच्या सीमेला लागून असलेल्या नांदेड जिल्ह्यात तत्कालीन जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी शाळांची पटपडताळणी केली, आणि त्या धर्तीवर ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत साऱ्या राज्यात मुलांच्या बोटाला शाई लावून शिरगणती झाली. कागदावर असलेली आणि वर्गात नसलेली मुले तेव्हा लाखांच्या संख्येने उघडकीस आली. त्या मोहिमेचे मोल मी फार मानतो. पण शाळेच्या पटाची पडताळणी वर्गात जाऊन करता येते; घरी शिकणाऱ्याचा पट कोठे जाऊन पडताळावा? फॉर्म भरला किती जणांनी, परीक्षेला बसले किती आणि मधल्या महिन्यांत त्यांच्या हाती पुस्तक होते काय, यांपैकी पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे दप्तरात सापडतील, तिसऱ्याची नोंद ठेवण्याची जबाबदारीच कोणावर नाही.

याहून क्लेशकारक गोष्ट अशी की, नियमित आणि खासगी हे दोन तक्ते एकमेकांपासून स्वतंत्र नाहीत. नववीत कच्चा ठरलेला मुलगा दहावीला बसला तर शाळेचा शेकडा घसरेल, या भीतीने त्याच्या पालकाला बोलावून, ‘दाखला घ्या आणि बाहेरून बसवा’ असा सल्ला देण्याची रीत ठिकठिकाणी रुळली आहे. ज्याला शिक्षकाची गरज सर्वांत अधिक, तोच अशा रीतीने शिक्षकाविना परीक्षेला पाठवला जातो. त्याचे अपयश दुसऱ्या तक्त्यात जमा होते आणि पहिला तक्ता तितकाच उजळ दिसतो. मग खासगी विद्यार्थ्यांचा निकाल कमी लागला म्हणून घरच्या अभ्यासालाच कमी लेखणे हा अन्याय आहे, कारण त्या तक्त्यात घरच्या अभ्यासाचे गुणदोष थोडे आणि शाळांनी टाळलेली जबाबदारी फार, अशी स्थिती आहे. जे. पी. नाईक यांनी समता, गुणवत्ता आणि संख्या यांचा त्रिकोण भारतीय शिक्षणाला साधत नाही असे १९७५ मध्येच मांडले होते. येथे तर संख्येच्या आणि गुणवत्तेच्या देखाव्यासाठी समतेचा बळी उघडपणे दिला जातो.

घरी शिकवणे सरकारला अशक्य आहे, असे मात्र कोणी म्हणू नये. ऑस्ट्रेलियातील ॲलिस स्प्रिंग्ज येथे १९५१ साली बिनतारी यंत्रावरून भरणारी शाळा सुरू झाली, आणि शेकडो मैल दूरच्या गुरांच्या कुरणांवर राहणाऱ्या मुलांना नावाने हाक मारून प्रश्न विचारणारा शिक्षक मिळाला. इतके दूर जाण्याचेही कारण नाही. शिक्षणहक्क कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने बहुविकलांग व तीव्र दिव्यांग मुलांना गृहाधारित शिक्षणाचा हक्क दिला आहे, आणि तालुक्याच्या गट साधन केंद्रातील विशेष शिक्षकांनी अशा मुलांच्या घरी जाऊन शिकवावे, अशी व्यवस्था आज कागदावर तरी आहे. हे शिक्षक थोडे आणि मोठ्या टापूत विखुरलेल्या घरांसाठी अपुरे आहेत. तथापि विद्यार्थ्याच्या दारापर्यंत शासनाने जावे हे तत्त्व तेथे मान्य झाले आहे. तेच तत्त्व सतरा नंबरच्या आणि मुक्त मंडळाच्या विद्यार्थ्यांना लागू करण्यासाठी नवा कायदा नको. संपर्क केंद्राच्या शाळेतील एका शिक्षकाकडे ठराविक विद्यार्थी नावानिशी सोपवणे, त्या कामाचा मेहनताना देणे आणि भेटींची नोंदवही गटशिक्षणाधिकाऱ्याने तपासणे, एवढ्यावर आरंभ होऊ शकेल. त्याचबरोबर प्रत्येक शाळेच्या निकालाशेजारी, नववीनंतर तिने किती मुलांना दाखला देऊन बाहेर पाठवले, हा आकडा मंडळाने छापावा. अहमदपूर तालुक्यापुरता तो यंदाच्या निकालाबरोबर प्रसिद्ध करण्यास कोणतीही अडचण असू नये.