शिबिराला जरूर जा

साकोली, जि. भंडारा

चि. सोनू,

अकरावीत राष्ट्रीय सेवा योजनेत नाव घातलंस, पण सात दिवसांच्या निवासी शिबिराला जायचं की नाही ते ठरत नाही, असं तुझ्या आईने सांगितलं. तिला तुझ्या अभ्यासाची काळजी, बाबांना मुक्कामाची आणि तुला चारचौघांत बोलण्याची धास्ती. माझं मत विचारशील तर, जरूर जा.

बाबांची काळजी रास्त आहे. मुलींच्या राहण्याची सोय कुठे, सोबत कोणत्या शिक्षिका, हे त्यांनी कार्यक्रम अधिकाऱ्यांना भेटून खुशाल विचारावं. बुडालेला अभ्यास मात्र परतल्यावर भरून काढता येतो.

गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांत ही योजना सुरू झाली. शिकणाऱ्या पोरांना गाव कळावं, हा तिचा हेतू. दोन वर्षांत २४० तासांचं काम आणि एक शिबिर, एवढंच ती तुझ्याकडून मागते.

शिबिरात पहाटे प्रभातफेरी, मग श्रमदान, दुपारी बौद्धिक आणि गटचर्चा, रात्री गावकऱ्यांसमोर कार्यक्रम. स्वयंपाक, सफाई, पाणी, मंच ही कामं गटागटांत वाटलेली. तुला मंचाचा गट मिळावा असं वाटेल, पण तू स्वयंपाकाचा माग. उद्या तेल पुरणार नाही हे आज ओळखणं, खर्चाचा हिशेब रोजच्या रोज लिहिणं, पन्नास जणांच्या जेवणाची वेळ सांभाळणं, हे तिथेच अंगवळणी पडतं. एखादी मैत्रीण भांडी घासायची पाळी चुकवेल. तिच्यावर चिडू नकोस, आणि तिचं काम गुपचूप उरकूनही टाकू नकोस. तिला बाजूला घेऊन बोल, अडचण विचार, मग तिलाच कामाला लाव. दुसऱ्याला उभं करता येणं हेच नेतृत्व. गटप्रमुखाचा बिल्ला मिळाला नाही तरी ते करता येतं.

नाल्यावर वनराई बंधारा बांधायचा असेल तर सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत रेती-माती भरून, तोंडं शिवून थर रचावे लागतात. पण त्याआधी काठच्या शेतकऱ्याला विचारावं लागतं. पाणी अडल्यावर त्याच्या लाखोरीच्या पिकात शिरेल का, गुरांची वाट बुडेल का, हे तुमच्यापेक्षा त्याला जास्त कळतं. त्याचं ऐकून जागा बदलावी लागली तर बदला. त्याच्याशी बोलताना पुस्तकी भाषेसाठी अडखळू नकोस, आपल्या झाडीबोलीत बोल. तीच भाषा त्याला जवळची आहे, आणि तुझी भीडही तिच्यातच लवकर मोडेल.

हे मी आपल्या जिल्ह्याकडे पाहून सांगतो आहे. भंडाऱ्याचे जुने मालगुजारी तलाव कोहळी समाजाने गोंड राजांच्या काळापासून बांधत आणले. त्या तलावांवर धान पिकला, मासेमारी करणाऱ्या ढिवरांची घरं चालली. १९५० च्या कायद्याने मालगुजारी ही सारावसुलीची जमीनदारी पद्धत संपली, तलाव सरकारकडे गेले. रयत मोकळी झाली, ते चांगलंच झालं. पण तलावाची पाळ दुरुस्त करायची, गाळ काढायची जबाबदारी कुणाची, हा प्रश्न मागे राहिला आणि पुष्कळ तलाव गाळाने भरले. सगळ्यांचं काम कुणाचंच नसतं, असं होऊ द्यायचं नसेल तर ते आपलं मानणारी माणसं गावोगाव लागतात. ती सोळा-सतराव्या वर्षीच घडायला लागतात. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, सोमनाथला, बाबा आमट्यांनी तरुणांसाठी श्रमसंस्कार छावणी सुरू केली ती याच विश्वासाने.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेव. सात दिवसांत गाव बदलत नाही, आणि तसं कुणाला सांगतही फिरू नये. बदल व्हायचा तो आधी तुझ्यात. रोज रात्री दैनंदिनीत दोन ओळी लिही: आज कुणाचं ऐकलं, आणि कुणाशी मतभेद असूनही नीट बोलले. या दोन ओळी प्रामाणिकपणे लिहिता आल्या तर शिबिर सार्थकी लागलं समज.

परतल्यावर २६ जानेवारीच्या ग्रामसभेत जाऊन बस. अठरा पूर्ण नाहीत म्हणून मत देता येणार नाही, पण आपल्या तलावाचं काय ठरतं ते ऐकता येईल. घरी येऊन ते आजीला आणि शेजारच्या बायकांना समजावून सांग, आणि त्यांचे प्रश्न कागदावर उतरवून सरपंचांकडे पोचव. शिबिरात शिकलेलं तिथून पुढे कामी येऊ दे.

तुझा,
मामा