जुनें रूप आणि नवें अंतरंग

मनुष्य आपले दोष झांकतो, यांत नवल असें कांहींच नाहीं. परंतु एखाद्यानें आपल्या अंगचा गुण झांकावा, तो कोणाच्या दृष्टीस पडूं नये म्हणून खटपट करावी, आणि लोकांनीं त्या लपवालपवीबद्दलच त्याची वाहवा करावी, असा प्रकार क्वचितच पाहावयास मिळतो. यंत्रांच्या जगांत असा एक प्रकार घडला आहे. अमेरिकेंतील मिलवॉकी शहरच्या हार्ले-डेव्हिडसन कारखान्याच्या मोठ्या मोटारसायकलींना १९५८ पूर्वीं मागच्या बाजूस स्प्रिंगा नसत. मागचें चाक चौकटीला जखडलेलें असे, आणि रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा स्वाराच्या पाठीच्या कण्यापर्यंत जाऊन पोंचे. १९५८ सालीं स्प्रिंगा आल्या आणि स्वारांचे हाल कमी झाले. पण त्यांबरोबर बैठकीखालून मागच्या चाकाच्या आंसापर्यंत उतरत जाणारी ती सरळ रेषा नाहींशी झाली, आणि तिच्यासाठीं लोकांचा जीव हळहळूं लागला. पुढें बिल डेव्हिस नांवाच्या एका इंजिनीअरानें यावर तोड काढली. स्प्रिंगा असाव्या, पण दिसूं नयेत! त्याच्या कल्पनेवरून १९८४ सालची ‘सॉफ्टेल’ नांवाची गाडी निघाली. तिच्या स्प्रिंगा पोटाखालीं आडव्या दडविलेल्या होत्या, आणि चौकट अशी बांधली होती कीं, पाहणारास ती जुनी, बिनस्प्रिंगांची गाडीच वाटावी. सुख नवें, सोंग जुनें.

ह्या सोंगास काय म्हणावयाचें? ही लबाडी आहे, कीं पूर्वजांविषयींची कृतज्ञता आहे? मोटारसायकल हा विषय कांहीं वाचकांस हलका वाटेल. पण घर बांधतांना, लग्नकार्य करतांना, फार काय, पत्राचा मायना लिहितांना देखील हाच प्रश्न आपणां सर्वांपुढें उभा राहतो. ज्या कारणासाठीं एखादें रूप निर्माण झालें, तें कारण सरल्यावर त्या रूपाचें काय करावें? ‘क्रूझर’ म्हणून जी मोटारसायकलींची जात ओळखली जाते, तींत हा प्रश्न जितका उघडा दिसतो तितका क्वचितच इतरत्र दिसत असेल.

क्रूझर म्हणजे लांबट, बसक्या घाटाची गाडी. स्वार तिच्यावर पाय पुढें सोडून जवळजवळ आरामखुर्चींत बसल्याप्रमाणें बसतो. तिचें हृदय म्हणजे एकमेकांशीं कोन करून बसविलेले दोन सिलिंडर. हार्लेनें असें इंजिन प्रथम १९०९ सालीं विक्रीस काढलें, आणि त्यांतील ४५ अंशांचा कोन पुढें त्या घराण्याची खूण होऊन बसला. सायकलीसारख्या अरुंद चौकटींत दुसरा सिलिंडर बसवावयाचा तर ही मांडणी सोयीची होती. त्यांत सौंदर्याचा विचार फारसा नव्हता. दोन्ही दट्ट्यांचे दांडे एकाच खुंटीस जोडलेले असल्यामुळें स्फोट समान अंतरानें होत नाहींत. एक स्फोट झाल्यावर दुसरा ३१५ अंशांनीं होतो, आणि त्यानंतरचा ४०५ अंशांनीं. त्यामुळें लंगड्या घोड्याच्या टापांसारखा एक विषम ठेका उत्पन्न होतो, आणि गाडी थरथरते. यंत्रशास्त्राच्या दृष्टीनें हें वैगुण्य होय. पण पिढ्यान् पिढ्या तोच ठेका ऐकून लोकांस त्याची इतकी गोडी लागली कीं, १९९४ सालीं कारखान्यानें तो आवाज आपली व्यापारी खूण म्हणून नोंदवून घेण्यासाठीं अर्ज केला. प्रतिस्पर्ध्यांनीं हरकती घेतल्या, आणि २००० सालीं तो अर्ज मागें घेण्यांत आला.

याहून चमत्कारिक गोष्ट जपानांत घडली. होंडा कंपनीनें आपल्या ‘शॅडो’ नांवाच्या क्रूझरमध्यें दांड्यांच्या खुंट्या निरनिराळ्या ठेवून थरथर मोठ्या कौशल्यानें घालविली होती. गिऱ्हाइकांस ती गाडी फार गुळगुळीत वाटली. तेव्हां १९९५ सालीं ११०० घनसेंटिमीटरच्या नव्या शॅडोंत कंपनीनें मुद्दाम एकच खुंटी घातली. शक्ति थोडी कमी झाली, थरथर वाढली, आणि लोक संतुष्ट झाले! हार्लेनें २०१६ सालीं काढलेल्या नव्या इंजिनाची तऱ्हाहि अशीच. गाडी जागीं उभी असतांना इंजिनाची मुख्य थरथर सुमारें पाऊण हिश्शानें मारावयाची, आणि पाव हिस्सा राखून ठेवावयाचा, असा हिशेब त्यांत केलेला आहे. आजार बरा करतां येत असूनहि त्यांतला थोडासा आठवणीसाठीं शिल्लक ठेवावा, तसें हें झालें.

यावर विचारी मनुष्य रागावेल, आणि त्याचा राग अगदींच अनाठायीं म्हणतां येणार नाहीं. तो म्हणेल, “ही परंपरा नव्हे, परंपरेचें दुकान आहे. इंग्लंडांतील ट्रायम्फ कारखान्याच्या बॉनव्हिल गाडीचें इंजिन २०१६ पासून द्रवानें थंड होतें, तरी त्यावर हवेनें थंड होणाऱ्या इंजिनाच्या पात्या कायम आहेत. त्याआधीं याच गाडींत पेट्रोलचा पुरवठा नव्या पद्धतीनें होऊं लागला, तेव्हां त्या नव्या भागांस जुन्या कार्बुरेटरचें रूप देण्यांत आलें. ज्याचें काम संपलें त्याचा मुखवटा लावून हिंडणें म्हणजे खोटें बोलणेंच नव्हे काय?”

ह्या आक्षेपास उत्तर शोधण्यासाठीं फार दूर जावयास नको. लोणावळ्याजवळच्या डोंगरांत जावें. भाजें येथील चैत्यगृह दोन हजार वर्षांहूनहि जुनें आहे. तें अखंड खडकांत कोरलेलें आहे. त्याचे खांब कांहीं छप्पर तोलून धरीत नाहींत, कारण छप्पर, खांब आणि भूमि हा सारा एकच दगड आहे. तरीहि ते खांब आंतल्या बाजूस कललेले आहेत, कारण लांकडी मंडपांत खांब तसे कलते ठेवावे लागत. पुढें कार्ल्याचें चैत्यगृह झालें. तेथें खांब सरळ उभे राहिले. कलण्याचें आतां कारण उरलें नाहीं, हें कारागिरांनीं ओळखलें. पण वरच्या कमानदार छताला त्यांनीं खऱ्या लांकडाच्या फांसळ्या बसविल्या, आणि त्या आजहि तेथें आहेत. त्या कसलाच भार घेत नाहींत. त्या कारागिरांस लबाड म्हणण्याचें धाडस कोण करील? तेथें कोणी फसत नाहीं. डोंगराच्या पोटांत आपण उभे आहों हें येणाऱ्या प्रत्येकास ठाऊक असतें. जुन्या मंडपाची आठवण दगडासहि असावी, एवढीच त्यांची इच्छा होती. आणि भाज्यापासून कार्ल्यापर्यंत येतांना त्यांनीं निवडहि केली, हें विसरतां कामा नये. एक गोष्ट सोडली, एक राखली. परंपरा जिवंत आहे कीं मेली, हें या निवडीवरून ओळखावें.

म्हणून रूप जुनें ठेवणें हेंच पाप, असें मला वाटत नाहीं. सॉफ्टेल विकत घेणारास स्प्रिंगा आहेत हें ठाऊक असतें. पण तेवढ्यानें सर्व माफ होतें असेंहि नाहीं. खरा प्रश्न असा कीं, ह्या हौसेची किंमत कोण देतो? १९६० च्या सुमारास अमेरिकेंतील हौशी तरुण गाडीचें रूप सडपातळ दिसावें म्हणून पुढचा ब्रेकच काढून टाकीत. गाडी थांबविण्याचें बहुतेक काम पुढच्या चाकावर पडतें, तेव्हां त्या सडपातळपणाची किंमत रस्त्यांत आडव्या येणाऱ्या परक्या मुलानेंहि द्यावयाची होती. भारतांत २०१९ च्या एप्रिलपासून १२५ घनसेंटिमीटरहून मोठ्या सर्व नव्या दुचाकींस चाक अडकूं न देणारी ब्रेकव्यवस्था सक्तीची झाली; तीविरुद्ध परंपरेचें नांव घेणें शोभणार नाहीं. आवाजाचेंहि तेंच. विषम ठेक्याची गोडी ज्याची त्यानें घ्यावी. पण सायलेन्सर फोडून तोच ठेका मध्यरात्रीं साऱ्या आळीस ऐकविणें म्हणजे आपला वारसा दुसऱ्याच्या झोंपेवर गहाण टाकणें होय.

मात्र किंमत मोजावी लागते ती जुन्याचीच, असेंहि समजूं नये. आमच्या स्नेह्यांपैकीं एका वृद्ध गृहस्थांनीं चाळीस वर्षें जुन्या इंग्रजी घाटाची मोटारसायकल चालविली. तिचा गिअर उजव्या पायाशीं व ब्रेक डाव्या पायाशीं होता. मुलानें कौतुकानें नवी गाडी घेऊन दिली. तींत हें सारें उलट. पहिल्याच आठवड्यांत आळींतून एक पोर धांवत आडवें आलें. गृहस्थांचा डावा पाय सर्व बळानिशीं खालीं गेला. पण तेथें आतां ब्रेक नव्हता. हाताच्या ब्रेकानें कसेंबसें निभावलें. त्यानंतर त्यांनीं गाडीस हात लावला नाहीं. “गाडी चांगली आहे हो, पण माझा पाय जुना आहे,” एवढेंच ते म्हणत. परंपरा केवळ डोळ्यांत नसते, ती हातापायांत मुरलेली असते. सुधारणा करणारांनीं तिच्या ह्या मुक्कामाची दखल घेतली पाहिजे.

आणखी एक गोष्ट जुन्याच्या कैवाऱ्यांनीं लक्षांत ठेवावी. हार्लेचें जुनें रूप आज दिसतें तें जुन्या रीतीनें वांचलें नाहीं. १९८१ सालीं कारखान्याच्या १३ अधिकाऱ्यांनीं तो पूर्वीच्या मालकांकडून विकत घेतला, तेव्हां त्याच्या मालाची अब्रू गेलेली होती. १९८३ सालीं सरकारनें ७०० घनसेंटिमीटरहून मोठ्या परदेशी गाड्यांवरची जकात ४.४ टक्क्यांवरून ४९.४ टक्क्यांवर नेली. पण नुसत्या जकातीनें काय होणार? कारखान्यानें ज्या जपान्यांशीं झगडा होता त्यांच्याच उत्पादनपद्धति शिकून घेतल्या, आणि १९८७ सालीं मुदतीपूर्वींच जकात उठवा, असें आपण होऊन सांगितलें. बाहेरची रेषा जशीच्या तशी राहावी म्हणून आंतलें सर्व घर बदलावें लागलें.

उलट, अंतरंगाबरोबर रूपहि बदलण्याचा प्रयोग त्यानेंच २००१ सालीं केला. पोर्श कंपनीच्या साहाय्यानें बनविलेलें, ६० अंशांचें, द्रवानें थंड होणारें इंजिन घातलेली ‘व्ही-रॉड’ ही गाडी गुणांनीं कमी नव्हती; तरी जुन्या भक्तांनीं तिला घरची मानली नाहीं, आणि २०१७ सालीं ती बंद झाली. २०१९ सालीं आलेल्या ‘लाइव्हवायर’ ह्या विजेच्या गाडींत तर सिलिंडर नाहीं, ठेका नाहीं, पेट्रोलहि नाहीं. पण टाकीचा आकार मात्र जागच्या जागीं आहे, आणि पेट्रोल ओतावयाच्या ठिकाणीं वीज भरण्याचें तोंड आहे.

तो आकार पाहून मनांत कालवाकालव होते, हें कबूल केलें पाहिजे. ती कार्ल्याची फांसळी आहे, कीं भाज्याचा कललेला खांब? राखण्याजोगी आठवण आहे, कीं अजून न सुटलेली संवय? याचा निर्णय कारखानदार करूं शकणार नाहीं, कारण त्याला विकावयाचें आहे. आणि यंत्रशास्त्रहि करूं शकणार नाहीं, कारण त्याला आठवण नाहीं. तो ज्याचा त्यानें, आपण काय राखीत आहों आणि कोणाच्या खर्चानें, हें स्वतःस विचारून करावयाचा आहे. हा प्रश्न जो विचारतो त्याच्या हातीं जुनें रूप सुरक्षित आहे. जो विचारीत नाहीं त्याच्या हातीं नवें यंत्रहि सुरक्षित नाहीं.