हसतमुखाचा हट्ट

“देवाला नमस्कार कर,” म्हटलं की मुलगा हात जोडतो. आपलं तेवढ्यावर भागत नाही. “असा तोंड पाडून नको, नीट मनापासून कर!” गॅसवर दूध चढलेलं, डबा भरायचा राहिलेला, तरी एवढं बोलायला आपल्याला सवड असते. सांगितलेलं झालेलं असतं. आता त्याचा चेहराही आपल्या मनासारखा हवा असतो.

१८९८ साली डर्बनमध्ये गांधीजींच्या घरात हेच घडलं. त्या घरात खोल्यांना मोऱ्या नव्हत्या, म्हणून लघवीसाठी भांडी ठेवत. कचेरीतले कारकून घरातच राहायचे. जुने आपापलं भांडं धुवायचे, पण एक नवा होता. अस्पृश्य मानल्या गेलेल्या आईवडिलांच्या पोटी जन्मलेला ख्रिस्ती. त्याचं भांडं घरच्यांनीच उचलायचं होतं. ते नवऱ्यानं उचललेलं कस्तुरबांना बघवेना आणि स्वतः उचलणंही जिवावर येई. हातात भांडं, डोळ्यांत पाणी, अशा त्या जिना उतरत होत्या.

काम तर होत होतं. गांधीजींना मात्र ते हसतमुखानं व्हायला हवं होतं. आवाज चढला. असले प्रकार माझ्या घरात चालणार नाहीत, म्हणाले. मग तुमचं घर तुम्हालाच लखलाभ, असं कस्तुरबांनीही सुनावलं. तेव्हा हात धरून त्यांनी बायकोला फाटकापर्यंत ओढत नेलं आणि फाटक उघडायला लागले. परक्या मुलखात, ना आई ना बाप, मी जाऊ कुठे, थोडी तरी लाज बाळगा, असं त्या रडत म्हणाल्या. गांधीजींनी चेहरा ताठ ठेवला, पण आतून ते शरमले. फाटक बंद झालं.

पुढे आत्मकथेत त्यांनी हे सगळं स्वतःच लिहून ठेवलं. तेव्हा आपण स्वतःला बायकोचे शिक्षक समजत होतो, हेही कबूल केलं.

शिवाशिव मोडायची, हा हेतू चांगलाच होता. धोका होता तो तिथेच. स्वार्थापोटी कुणावर जबरदस्ती केली तर मन लगेच टोचतं. समोरच्याच्या भल्यासाठी केली की ते गप्प बसतं, वर शाबासकीही देतं. त्या दिवशी सदसद्विवेकाचा आवाज गांधीजींना आधी आतून आला नाही. तो रडणाऱ्या बायकोच्या तोंडून आला. त्यांचं मोठेपण एवढंच, की फाटकावर हात असतानाही तो त्यांना ऐकू आला.

आपल्या घरात फाटकापर्यंत गोष्ट जात नाही. पण कपाळावरची आठी आणि ‘तुझ्या भल्यासाठीच सांगतोय’ हे वाक्य रोजचंच. आज कुणाला काही सांगाल तेव्हा काम जरूर सांगा. चेहरा मात्र ज्याचा त्याच्याकडे राहू द्या.