उघड्या दाराची राखण

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी घराचे दार उघडे ठेवण्याची आपली रीत आहे. दाराशी आलेली लक्ष्मी परत फिरू नये, एवढाच त्यामागचा भोळा भाव. पण ज्या दारातून लक्ष्मी येते त्याच दारातून चोरही येऊ शकतो, हे घरातल्या आजीला ठाऊक नसते असे का कुणी समजावे? तिला ते पुरते ठाऊक असते. म्हणून तर दार उघडे असते, आणि उंबरठ्याजवळ कुणी ना कुणी जागेही असते. औदार्य आणि सावधपणा एकाच उंबरठ्यावर नांदू शकतात काय, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. आज तो ज्या जागी फार निकडीने उभा राहिला आहे, ती जागा आपल्या प्रत्येकाच्या खिशात आहे.

नागपूरच्या उत्तरेला, कन्हानच्या काठी, खापा हे गाव आहे. हातमागाच्या कापडासाठी ते पूर्वीपासून ओळखले जाते. मागावर बसणाऱ्या माणसाच्या खिशातही आज मोबाईल असतो, आणि बहुधा तो अँड्रॉइडचा असतो. त्या अँड्रॉइडच्या मुळाशी लिनक्स नावाचा गाभा आहे. यंत्राच्या निर्जीव देहाला कामाला लावणारी, कुणाला काय करू द्यायचे आणि कुणाला दाराबाहेर थांबवायचे हे ठरवणारी जी व्यवस्था, तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. लिनक्स हा तिचा गाभा. लिनस टॉरवाल्ड्स नावाच्या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली तो जगापुढे ठेवला. तो कुणीही वाचावा, बदलावा, दुसऱ्यास द्यावा. अट एवढीच की, पुढे देणाऱ्याने आपला बदलही तसाच उघडा ठेवावा. पाणवठ्यासारखी ही सर्वांची ठेव आहे.

पहिल्या वर्षी हा गाभा सुमारे १० हजार ओळींचा होता. आज तो ४ कोटी ओळींच्या घरात गेला आहे. यातली कोणतीही ओळ कुणी हौसेने वा खोडसाळपणाने वाढवली असे नव्हे. कुणाला नवे यंत्र जोडायचे होते, कुणाला वेग हवा होता, कुणाला आपल्या लिपीची अक्षरे पडद्यावर नीट उमटावी असे वाटत होते. प्रत्येक मागणी रास्त होती. पण शंभर रास्त मागण्यांची बेरीज रास्तच असते असे नाही. मागावर बसलेला विणकर ताणा, बाणा, फणी आणि धोटा एका नजरेत घेतो. एक धागा तुटला तर त्याचा हात आपोआप थांबतो आणि गाठ पडते. न बांधलेला धागा कापडभर आपली रेघ उमटवीत जातो, हे त्याला कुणी शिकवावे लागत नाही. या नव्या वस्त्राचे मात्र असे झाले आहे की, ते अखंड एका नजरेत घेईल असा विणकर पृथ्वीच्या पाठीवर उरलेला नाही.

यावर उघडेपणाचे कैवारी एक उत्तर देतात. पाहणारे डोळे पुष्कळ असले म्हणजे कोणताही दोष फार दिवस लपत नाही, असे एरिक रेमंड यांनी १९९७ साली मांडले, आणि ते वचन पुढे सुभाषितासारखे रूढ झाले. वचन गोड आहे. पण आपल्या भाषेत एक कडू म्हणही आहे: बारा भाईंची शेती, काय लागेल हाती! डोळे पुष्कळ असणे निराळे आणि ते पाहत असणे निराळे. ओपनएसएसएल या नावाचे एक साधन आहे. बँकेचे व्यवहार आणि खासगी निरोप ज्या कुलपांच्या भरवशावर चालतात, त्यांतली असंख्य कुलपे त्यावर बेतलेली. २०१२ साली वापरात आलेल्या त्याच्या एका आवृत्तीत लांबी तपासण्याची एक साधी खबरदारी राहून गेली. ती चूक दोन वर्षे भर उजेडात पडून होती. एप्रिल २०१४ मध्ये ‘हार्टब्लीड’ या नावाने ती जगाला कळली. त्यानंतर दुसरीही एक गोष्ट कळली. अवघे जग ज्यावर विसंबले होते, त्या कामाला देणग्या मिळत होत्या वर्षाला सुमारे २ हजार डॉलर! पाणवठ्यावर गर्दी अमाप; गाळ काढायला येणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

चूक ही गोष्ट वेगळी, कपट वेगळे. एक्सझेड हे माहिती दाबून लहान करण्याचे साधन. लासे कॉलिन नावाचे गृहस्थ ते वर्षानुवर्षे जवळपास एकट्याने, मोबदल्यावाचून सांभाळत होते. ते थकले होते. मनाची प्रकृती ठीक नव्हती, आणि त्यांनी हे लपवूनही ठेवले नव्हते. २०२१ पासून ‘जिया तान’ या नावाने कुणी मदतीला आले. कामे चोख, बोलणे आर्जवी. दुसऱ्या काही अनोळखी नावांनी मूळ मालकामागे टुमणे लावले: कामे रखडतात, दुसऱ्याच्या हाती द्या. अखेर किल्ली मदतनिसाच्या हाती आली, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याच हातांनी, चाचणीसाठी ठेवलेल्या फायलींच्या आड, एक चोरदार बसवले. ते जगभर पसरले असते तर किती यंत्रे परक्याच्या मुठीत गेली असती याचा अंदाज करवत नाही.

पसरले नाही, कारण आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याला आपल्या यंत्रात शिरताना नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो आहे असे वाटले. विणकराला मागाच्या आवाजातला फरक कळावा तसे! अर्धा सेकंद ही काय तक्रार करण्याजोगी गोष्ट? पण ते स्वस्थ बसले नाहीत. शोधता शोधता मुळाशी पोचले, आणि २९ मार्च २०२४ रोजी त्यांनी जगाला सावध केले. ‘जिया तान’ कोण, हे आजवर उघड झालेले नाही.

या हकिकतीवरून दार बंद करावे असा निष्कर्ष काढणारे काढतील. पण नीट पाहावे. चोर शिरला तो दार उघडे होते म्हणून नव्हे. पहारेकरी एकटा होता म्हणून. आणि फ्रॉइंड यांना मुळापर्यंत जाता आले, ते मात्र दार उघडे होते म्हणूनच. बंद वाड्यात अर्ध्या सेकंदाचा संशय संशयच राहिला असता. ज्या कुलपाची रचना शत्रूला कळली तरी केवळ किल्ली गुप्त असल्याने ते टिकते, तेच कुलूप खरे, असे केरखॉफ्स या भाषापंडिताने १८८३ सालीच सांगून ठेवले आहे.

मग पसारा कमी करावा? अवश्य, पण जाणून. २००६ साली डेबियन या लिनक्स-परिवारातल्या संचात तपासनीस साधनाची कुरकुर थांबावी म्हणून ओपनएसएसएलमधला थोडा मजकूर काढून टाकला गेला. हेतू स्वच्छतेचाच होता. पण यदृच्छेने घडाव्यात अशा किल्ल्या त्यामुळे प्रत्येक प्रकारात अवघ्या ३२,७६८ एवढ्याच उरल्या, आणि हे ध्यानात यायला मे २००८ उजाडावा लागला. दिवाळीपूर्वी माळा आवरताना पणजीचे कागद रद्दीत जावेत, तसे हे झाले. जे समजलेले नाही ते वाढवणे जितके धोक्याचे, तितकेच ते छाटणेही.

म्हणजे प्रश्न अखेर यंत्राचा उरत नाही, ऋणाचा होतो. आपल्या पूर्वजांनी ऋषिऋण मानले, आणि ते फेडण्याचा मार्ग सांगितला तो अध्ययनाचा. दक्षिणा देऊन ते फिटत नाही. भारत सरकारने २०१५ साली आपल्या कारभारात मुक्त स्रोताच्या साधनांना प्राधान्य देण्याचे धोरण स्वीकारले. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकची ‘बॉस’ ही देशी प्रणाली त्याच डेबियनच्या पायावर उभी आहे. म्हणजे कुठल्या तरी दूरच्या गावी रात्री जागणाऱ्या अनामिक माणसाचे आपण देणे लागतो. फुकट मिळाले, म्हणून देणे संपले असे नव्हे. उलट पावती नसल्यामुळे ते अधिकच जड.

ते फेडावे कसे? ज्यांच्याजवळ पैसा आहे त्या कंपन्यांनी व सरकारांनी सांभाळणाऱ्याचे पोट सांभाळावे. ज्यांना विद्या आहे अशा आपल्या मुलामुलींनी नवे काही रचण्याच्या हौसेबरोबर जुने वाचण्याचा कंटाळवाणा उद्योगही थोडा करावा. आणि ज्यांच्याजवळ दोन्ही नाही, त्यांनी फोनवर आलेली सुरक्षेची दुरुस्ती ‘उद्या पाहू’ म्हणून ढकलू नये, आणि फुकट राबणाऱ्यावर उशिराबद्दल डाफरू नये. कॉलिन यांच्याभोवती फास आवळला गेला तो शस्त्राने नव्हे, घाईच्या तगाद्याने. थकलेल्या माणसाला ‘जरा बसा, आज मी पाहतो’ असे म्हणणारा एखादा सच्चा शेजारी वेळेवर भेटता, तर खोट्या शेजाऱ्याला जागाच मिळाली नसती.

विश्वास म्हणजे डोळे मिटणे नव्हे, आणि सावधपणा म्हणजे संशय नव्हे. जे सर्वांचे आहे ते कुणाचेच नाही असे म्हणणे सोपे. ते माझेही आहे असे म्हणून तुटलेल्या एका धाग्याला गाठ मारणे कठीण. पण कापड टिकते ते त्या गाठीवर.