‘आमच्या गाण्याचे काय?’

गेल्या हिवाळ्यात आम्ही आठ दिवस दुबईस जाऊन आलो. एके काळी आपल्या लोकांना ही गोष्ट खरी वाटली नसती. पण २०२० च्या करारानंतर तेल अवीवहून थेट विमाने सुरू झाली. तेथे आमची एक जुनी विद्यार्थिनी राहते. ठाण्याच्या आपल्याच समाजातील मुलाशी तिने स्वतःच्या पसंतीने लग्न केले. तो दुबईत नोकरीस आहे.

लग्नापूर्वी ही मुलगी आपल्या समाजाच्या कार्यक्रमांत मराठी भावगीते गात असे. इस्राएलमध्ये जन्मलेल्या मुलीच्या तोंडून असे स्वच्छ मराठी ऐकून म्हाताऱ्यांचे डोळे भरून येत. लग्न ठरले आणि ‘आता कार्यक्रम बंद’ असे तिने सांगितले. आम्हांला राग आला. लग्नात आशीर्वाद देतानासुद्धा आम्ही बोलून गेलो, ‘आता आमच्या गाण्याचे काय?’

वाचकहो, या ‘आमच्या’ शब्दाकडे नीट पाहा. गळा तिचा, मेहनत तिची, आणि गाणे मात्र आमचे!

असा रुसवा नवा नाही. सुधा मल्होत्रा यांचे उदाहरण घ्या. १९५० च्या ‘आरजू’पासून त्या हिंदी चित्रपटांत गाऊ लागल्या. १९५९ च्या ‘दीदी’मधील एका गीताची तर चालही त्यांनीच बांधली. १९६० साली गिरिधर मोटवाने यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्यांनी चित्रपटांसाठी गाणे सोडले. वय जेमतेम तेवीस-चोवीस. रसिक हळहळले. पण पुढे काय झाले? १९६२ साली मंगेश पाडगावकरांचे शब्द, श्रीनिवास खळ्यांची चाल आणि अरुण दाते यांची साथ, असे ‘शुक्रतारा मंद वारा’ त्यांनी गायिले. आम्ही लहानपणी रेडिओवर ऐकले ते हेच. म्हणजे एकीकडे रसिक ‘संपले सारे’ म्हणत होते, तेव्हा दुसरीकडे मराठी माणसाच्या पदरात हे दान पडले. १९८२ साली ‘प्रेमरोग’साठी त्या पुन्हा गायिल्या, तेही एकदाच. सोडणे आणि परत येणे, दोन्ही त्यांचे.

येथे कोणी विचारील, सर्वच वेळी असे गोड घडते काय? नाही. सूरबहार वाजविणाऱ्या अन्नपूर्णादेवींचा विवाह १९४१ साली रविशंकरांशी झाला. पुढे त्यांनी मैफलीत वाजविणे सोडले, ते २०१८ साली मुंबईत निधन होईपर्यंत. तो संसार सुखाचा झाला नाही. घरी मात्र त्यांनी हरिप्रसाद चौरसियांसारखे शिष्य घडविले. तेव्हा कलावंत थांबला म्हणजे आपण विचारावे ते हे, की आपखुशीने थांबला, की थांबविला गेला? लग्न झाले म्हणून गायकाने गाणे सोडल्याचे क्वचितच ऐकू येते. गायिकेने सोडल्याचे पुष्कळदा. हा अन्याय असेल तर त्याविरुद्ध अवश्य बोलावे. परंतु ‘माझी करमणूक बुडाली’ हे दुःख वेगळे, आणि ‘तिचा गळा दाबला गेला’ हे दुःख वेगळे. आम्ही पहिल्याला दुसऱ्याचे नाव देत होतो.

ऐकणाऱ्याला वाईट वाटणे यात पाप नाही. प्रेमाशिवाय विरह नसतो. पण गाणाऱ्याने दिले ते दान असते. दान घेणाऱ्याने दात्याच्या दारी वसुलीस जाऊ नये.

दुबईत जेवणे झाल्यावर आम्ही तिला विचारलेच, ‘गाणे का सोडलेस?’ ती म्हणाली, ‘सर, तुम्ही तेव्हाही हेच विचारलेत. मी सुखात आहे का, हे नाही विचारलेत.’

चाळीस वर्षे मुलांना प्रश्न विचारण्यात घालविलेल्या माणसाची मान खाली गेली. मग आम्ही तो प्रश्न विचारला. ‘आहे,’ ती हसून म्हणाली, ‘आणि कार्यक्रमांच्या धावपळीतून सुटले, हेही खरे.’

गाण्याचा आग्रह आम्ही केला नाही. निघताना डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला. या वेळी त्यात ‘आमचे’ काही नव्हते.